पेगनंतरची भूक

दादा एरवी दोन भाकऱ्यांत उठतो. शनिवारी 60 मिलीचा पेग झाला, की मसाला शेंगदाण्यांची वाटी चाटूनपुसून रिकामी आणि सुक्या मटणाबरोबर तिसरी भाकरी. वहिनी त्याला हावरट म्हणते, ते मला अजिबात पटत नाही. त्या पेगमध्येच साधारण 140 कॅलरी असतात, तरी पोट काही भरत नाही. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये उंदरांवर दाखवलं, की अल्कोहोलमुळे मेंदूतल्या भूक जागवणाऱ्या एजीआरपी पेशी चेतवल्या जातात (डोस मोठा होता, हे खरं). त्या पेशी बंद ठेवल्यावर उंदीर जास्त खाईनात. म्हणून दादाला सांगते, बसायच्या आधी भाजी-भाकरी खाऊन घे, आणि शेंगदाण्यांऐवजी काकडी ठेव.