आमची वाटचाल: ‘कशात, आणि कशासाठी?’

ठाण्यात वागळे इस्टेटमधलं आमचं हार्डवेअरचं दुकान वडिलांनी टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे सुतार. गिरमिट फिरवत वाढलेली माणसं ती. सागवानात भोक कशानं पाडायचं हे त्यांना आम्ही काय सांगणार? खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कडीकोयंडे, यावर दुकान छान चाललं.

घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले तसं सागवान मागे पडलं. प्लायवूड, लाकडाचे तंतू किंवा चुरा दाबून केलेले एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, आणि वर सनमायका. आता ऑनलाइन मागवलेलं कपाट स्वतःच जोडणारी मंडळी येतात आणि म्हणतात, “एक ड्रिल बिट द्या.” म्हणजे ड्रिल मशीनला लावायचं, भोक पाडणारं पातं. त्यातले निम्मे भिंतीचंच बिट लाकडावर चालवून आलेले असतात. ते विटा-काँक्रीट फोडायला असतं. लाकडाचे तंतू कापत नाही, फाडतं.

म्हणून आम्ही उलट विचारायला लागलो: कशात, आणि कशासाठी? खरं तर धंद्याला वळण तिथेच मिळालं.

डॉवेलसाठी, म्हणजे जोडणीच्या लाकडी खुंटीसाठी, 8 मिमीचं भोक हवं असेल तर ब्रॅड पॉइंट बिट घ्या. मधलं अणकुचीदार टोक खुणेवर बरोबर बसतं आणि बाजूच्या धारा आधी गोल चिरून घेतात, त्यामुळे टवके उडत नाहीत. साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट सनमायक्यावर घसरतं, पण स्क्रूआधीच्या बारीक भोकाला तेच बरं. बिटची जाडी आटे सोडून स्क्रूच्या मधल्या दांड्याएवढी. हे भोक न पाडता एमडीएफच्या कडेत स्क्रू पिळलात, की कड फुगून फाटलीच म्हणून समजा.

कपाटाच्या दारात वाटीसारखी रुतून बसणाऱ्या कप बिजागरीला 35 मिमीचं भोक लागतं, खोली साधारण 12-13 मिमी. त्यासाठी कुणी चपटं बिट मागितलं तर आम्ही देत नाही, विक्री बुडाली तरी चालेल. त्याचं लांब टोक 18 मिमीच्या प्लायमधून सरळ पलीकडे निघतं, आणि पलीकडे असतो दाराचा दर्शनी सनमायका! तिथे फोर्स्टनर किंवा हिंज बोरिंग बिटच हवं. तळ सपाट येतो.

काउंटरवर प्लायचे तुकडे ठेवलेत, बिट चालवून बघा आणि मग घ्या. आरपार भोक पाडताना मागे टाकाऊ फळी घट्ट आवळायची, हेही तिथेच दाखवतो. एका कपाटासाठी 35 मिमीचं बिट विकत घेणं लोकांना जिवावर येतं, म्हणून ते अनामत घेऊन भाड्यानं देतो. धार घालवून आणलं तर अनामतीतून पैसे कापतो, आणि त्यावरून काउंटरवर अजून वाद होतात.