हिरवा ठिपका आणि खरी वीज

इंदूरहून धुळ्याला जायचं तर मानपूर, खलघाट, जुलवानिया, सेंधवा, मग बिजासन घाट उतरून शिरपूर. माझं माहेर धुळ्याचं, त्यामुळे हा रस्ता मी एसटीने, जीपने, डिझेलच्या गाडीने, सगळ्या ऋतूंत केलाय. दारात विजेची गाडी आल्यापासून मात्र मी वाटेवर एकच गोष्ट शोधत असते: कुठला चार्जर खरोखर गाडीत वीज भरतो?

पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात मी बरीच वर्षं काढली. मशीनची लाइट लागली म्हणून मशीन पास होत नाही, माल काढून दाखवल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हे तिथे अंगात मुरलं. चार्जरलाही मी तोच नियम लावते. धुळ्याला जाताना, उज्जैनला जाताना, गरज नसली तरी थांबते, दहा मिनिटं चार्जिंग लावते आणि वहीत नोंद करते. आमचे हे सुरुवातीला गाडीतच बसून राहायचे, आता स्वतःहून टॉर्च घेऊन गनच्या, म्हणजे गाडीत खोचायच्या प्लगच्या, पिना बघतात.

अ‍ॅपमधल्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की चार्जरमधलं सिमकार्ड सर्व्हरशी बोलतंय. पिनांमध्ये माती बसलीये, गनचा खटका तुटलाय, केबल गाडीपर्यंत पोचतच नाही, यातलं काही सर्व्हरला कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २०२२ मध्ये संशोधकांनी ६५७ सीसीएस (फास्ट चार्जिंगच्या एका प्रकारच्या) गन एकेक करून तपासल्या. ७२.५ टक्केच चालल्या. कंपन्या मात्र ९५ ते ९८ टक्के चालू असल्याचं सांगत होत्या. संशोधकांची कसोटीही कडक नव्हती, गाडीत दोन मिनिटं वीज भरली गेली तरी पास. जवळपास ५ टक्के ठिकाणी तर केबलच आखूड पडली होती. हे आकडे वाचले तेव्हा माझी वही डोळ्यांसमोर आली.

गन खोचल्यावर काय होतं ते कान देऊन ऐकावं. आधी गाडीचं लॉक गनवर बसतं, बारीक खट् आवाज येतो. गाडी आणि चार्जर एकमेकांना आपापली मर्यादा सांगतात. मग चार्जर केबलमध्ये व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासतो, कुठे गळती नाही ना ते बघतो. ते बरोबर निघालं की व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर आणतो आणि गाडीतले काँटॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारे मोठे स्विच, जुळतात. हा आवाज जरा जड असतो. त्यानंतरच स्क्रीनवरचे अँपिअर शून्यावरून हलायला लागतात. गाडी कुठल्या पायरीवर अडली ते लक्षात ठेवलं की दुखणं कुठे असेल याचा अंदाज येतो. गन लॉक होण्याआधीच अडलं तर बहुतेक अ‍ॅप, वॉलेट किंवा नेटवर्क. इन्सुलेशनपाशी अडलं आणि आदल्या रात्री पाऊस झालेला असेल तर ओल. सुरू होऊन थोड्या वेळाने आपोआप बंद पडलं तर पंख्याची जाळी धुळीने भरलीये का, नाहीतर वरून येणारी लाइट हलतेय का, ते विचारावं.

महामार्गावरच्या एका ढाब्याच्या आवारात चार्जरची स्क्रीन झगमगत होती आणि अ‍ॅप "उपलब्ध" म्हणत होतं. गार्डभैया लांबूनच म्हणाले, "दीदी, बत्ती तो जल रही है, पर गाड़ी पकड़ता नहीं." खांबाच्या बाजूला बघितलं तर लाल इमर्जन्सी बटण आत दबलेलं. कुणीतरी हौसेने दाबलं असणार. हे बटण फिरवल्याशिवाय बाहेर येत नाही. गार्डभैयांनी हेल्पलाइनला फोन लावला, तिकडून होकार आला आणि त्यांनी स्वतः बटण फिरवून सोडलं. मिनिटभरात गाडी चार्ज व्हायला लागली. किती दिवस तो चार्जर असा उभा होता कोण जाणे! त्या भल्या माणसाला कुणी एकदा दाखवून दिलं असतं तर कितीतरी गाड्या माघारी फिरल्या नसत्या. चार्जर बसवणाऱ्यांनी गार्डला आणि ढाब्याच्या पोरांना अर्धा तास शिकवणं मला नव्या खांबाइतकंच गरजेचं वाटतं.

चार्जर तपासताना त्याच्यावर अन्यायही करू नये. बॅटरी ८० टक्क्यांच्या वर गेली की गाडी स्वतःच वीज कमी घेते, तेव्हा उत्तम चार्जरही मंद वाटतो. म्हणून मी पन्नासच्या खाली आल्यावरच नोंद घेते. साठ किलोवॉटच्या चार्जरवर शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली असेल तर पुष्कळदा वीज निम्मी वाटली जाते. शेजारी कुणी नाही, तुमची गाडी जास्त घेऊ शकते आणि तरी आकडा निम्म्यावर अडतो, तेव्हा चार्जरच्या आतलं वीज पुरवणारं एखादं मॉड्यूल बंद पडल्याची शंका घ्यावी.

या रस्त्यावर परतीचा प्रवास जास्त जोखमीचा. जाताना मानपूरचा घाट उतरतो, उतारावर थोडी वीज परत मिळते. येताना नर्मदेच्या खोऱ्यातून साधारण ५५० मीटर उंचीवरच्या इंदूरला चढायचं, आणि चढ वीज भराभर खातो. खलघाट-धामनोदच्या पट्ट्यातला चार्जर बंद निघाला आणि रात्रीची वेळ, सोबत सासूबाई, अशा वेळी हिरवा ठिपका काय कामाचा?

ब्रिटनने २०२३ मध्ये नियम केला: ५० किलोवॉट आणि त्यावरच्या चार्जरांच्या प्रत्येक नेटवर्कने वर्षाला सरासरी ९९ टक्के विश्वासार्हता राखायची, शिवाय चोवीस तास फुकट हेल्पलाइन द्यायची. आपल्याकडे २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग स्टेशनांसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेत. त्या पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गनवर शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं आणि किती युनिट गेले, हे अ‍ॅपवर सगळ्यांना दिसलं पाहिजे. ही माहिती कंपनीकडे असतेच, बिल तिच्यावरूनच निघतं.

तोवर आपणच लिहू या. सेंधवा ते शिरपूर या टप्प्याच्या माझ्या नोंदी पावसाळ्याआधीच्या आहेत. पाऊस सुरू झाल्यावर तिथे कुणी उघड्यावरच्या चार्जरवर गाडी लावली असेल तर खाली कळवा: गाडी कुठली, गन कुठली, किती टक्क्यांवर लावली, किती किलोवॉट मिळाले आणि अडली असेल तर कुठल्या पायरीवर.