गावकूस नसलेलं गाव

बाबा पहिल्यांदाच इंग्लंडला आले होते. राजवाडा, घड्याळ वगैरे बघून झाल्यावर एका शनिवारी त्यांना नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूर पठारावर, मेरिव्हेलची प्राचीन वस्ती बघायला नेलं. टॅव्हिस्टॉकहून प्रिन्सटाउनकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना उघडं माळरान आणि अंगात शिरणारा वारा. गाडी लावून चालायला लागलो तरी बाबांचं एकच, "अगं, पण गेट कुठाय?"

गेट नाही, तिकीट नाही. सरकारदरबारी ही संरक्षित जागा, दगड हलवला तरी गुन्हा. राखणीला म्हणाल तर मेंढ्या. कांस्ययुगातली ही वस्ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. उरलीत ती ग्रॅनाइटची गोल जोती, कुठे घोट्याएवढी, कुठे गुडघ्याएवढी. वरचं लाकडाचं, गवताचं छप्पर कधीच गेलं. आम्लधर्मी मातीत हाडंसुद्धा टिकत नाहीत, म्हणजे माणसंही गेलीच. भोवती गावकूस मात्र कधी नव्हतंच.

बाबा एका जोत्यात शिरले, तेही बरोबर दाराच्या जागेतून. चपला काढायच्याच बाकी होत्या. पावलं मोजली. "सात. आपलं जुनं माजघर एवढंच होतं." मग दार वाऱ्याकडे पाठ करून आहे, हे त्यांनीच मला दाखवलं.

पलीकडे उभ्या दगडांच्या लांबच लांब दुहेरी रांगा आहेत. कशासाठी, ते कुणी छातीठोक सांगत नाही. 1625 मध्ये टॅव्हिस्टॉकला प्लेग झाला तेव्हा आसपासचे शेतकरी इथे धान्य ठेवून जात, अशी आख्यायिका. जोत्यांमध्येच एक भलंमोठं दगडी चाक पडलंय, सफरचंदं चिरडायला घडवलेलं आणि इथेच सोडलेलं. वस्तीच्या मानाने कालपरवाचं. बाबा त्यावर टेकले.

"कुंपण नाही म्हणजे भांडणं नसतील," ते म्हणाले. तालुक्याच्या कोर्टात वीस वर्षं बांधाचा दावा चाललेला माणूस हे किती हळहळून बोलत असेल!

मला गप्प बसवलं नाही. सांगून टाकलं, की घरांना कुंपण नसलं तरी त्याच काळात डार्टमूरवर शेतजमिनीच्या हद्दी दगडांनी आखलेल्या आहेत. 'रीव्ह' म्हणतात त्यांना. सर्वांत लांब दहा किलोमीटरच्या वर जातो.

"म्हणजे बांध!" बाबा ताडकन उठले. मफलर सावरत माळावर लांबवर नजर टाकली. चेहरा केवढा खुलला होता!

"मग कोरत असणारच."