आमची वाटचाल : चाळीस पोत्यांची पट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डात वडिलांनी हळदीची अडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल त्यांच्या वतीने विकून देण्याचा धंदा, सुरू केला, तेव्हा एक काटा, पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी नळी आणि लाल कापडाची हिशेबाची वही, कीर्द, एवढेच आमचे भांडवल होते. नळीतून निघालेले हळकुंड मोडून ते आतला रंग पाहत आणि दोन्ही तुकडे शेतकऱ्याच्याच पोत्यात परत टाकत. वखारीतला माल आपला नसतो, हे मी तिथे शिकलो.

२०१० मध्ये हळदीचा भाव भलताच चढला. माझ्या तेव्हाच्या भागीदाराने मिरज तालुक्यातील एका आबांची ४० पोती, म्हणजे २२ क्विंटल राजापुरी हळद, त्यांना न विचारता क्विंटलला १४ हजारांनी विकली आणि तो पैसा स्वतःच्या खरेदीत घातला. आणखी आठ शेतकऱ्यांच्या मालाचे तेच झाले आणि मी वखारीत डोकावलोही नाही, हा माझा दोष. पुढे भाव कोसळला. २०१२ मध्ये आबा आले आणि म्हणाले, "नातीचं लग्न ठरलंय, असेल त्या भावानं काढा." भाव ५ हजार होता. भागीदार म्हणाला, आजच्या भावाने पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, करू, आबांचे त्यात काय बुडते?

प्रश्न बुडण्याचा नव्हताच. मालकाला न कळवता त्याच्या कामात प्रतिनिधीने स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातला लाभ मालकाला मागता येतो, असे १८७२ च्या करार कायद्याचे कलम २१६ सांगते. आणि विश्वासाच्या नात्याचा फायदा घेऊन कमावलेले ज्याचे त्याच्यासाठीच राखावे लागते, असे १८८२ च्या न्यास कायद्याचे कलम ८८. क्विंटलमागे वरचे ९ हजार आबांचेच होते. भागीदाराची सही म्हणजे पेढीची सही, म्हणून मी कवलापूरची दीड एकर विकून नऊही जणांच्या पट्ट्या १४ हजारांनी केल्या. आबांनी पट्टी दोनदा वाचली, आकड्यावर बोट ठेवले आणि ती मुंडाशात खोचली.

नव्या अडत्यांनी शेतकऱ्यांच्या पैशाचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे आणि ज्या मालाची अडत, त्यात स्वतःची खरेदी करू नये.

मेहुण्याच्या नावावर आपल्याच शेतकऱ्यांचा माल घेणारे शेजारचे व्यापारी मात्र आजही सांगतात, की आम्ही पकडलो गेलो म्हणून पैसे दिले. आबांना तर विक्रीचा पत्ताच नव्हता. मीच कीर्द उघडून त्यांच्यापुढे ठेवली होती.