आमची वाटचाल : एक ऑर्डर, दोन गाड्या

२००५ मध्ये आम्ही दोघा भागीदारांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या ऑनलाइन सेवा एकमेकींना जोडून देणारी कंपनी काढली, तेव्हा सगळ्यांची भिस्त यूडीडीआयवर, म्हणजे अशा सेवांच्या सामायिक सूचीवर होती. सूचीत सेवा शोधायची, डब्ल्यूएसडीएल (सेवा कशी वापरायची याचं वर्णन देणारी फाइल) उचलायचं, जोडायचं. जानेवारी २००६ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅपने आपल्या सार्वजनिक नोंदवह्या बंद केल्या आणि आम्ही फोन करकरून सेवा मिळवायला लागलो. २००७ मध्ये बीपीईएल २.० आलं, म्हणजे अनेक सेवा कोणत्या क्रमाने चालवायच्या ते लिहायची भाषा. भागीदाराने त्यात साठा, पैसे, वाहतूक अशा तीन कंपन्यांच्या सेवा एका प्रवाहात ओवल्या, प्रत्येक टप्प्याला, काही बिघडलं तर तो मागे फिरवणारा उलटा टप्पा लावून. इतकं नेटकं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

मग ती रात्र आली. वाहतूक कंपनीकडून उत्तर येईना. टाइमआउट झाला, म्हणजे उत्तराची मुदत संपली, आणि प्रवाह चालवणाऱ्या आमच्या इंजिनने रिट्राय केला, तीच विनंती पुन्हा पाठवली. पहिली विनंती पलीकडे पोचलेलीच होती! तोच ऑर्डर क्रमांक पुन्हा आला तर दुर्लक्ष करायचं, असं करारात होतं. नव्या आवृत्तीत त्यांनी ती तपासणीच काढून टाकली होती, न सांगता. एकेका ऑर्डरला दोन-दोन गाड्या निघाल्या. आमचा उलटा टप्पा चालला, पण त्यांची ‘रद्द’ सेवा नुसती स्थिती बदलायची, गाडी थांबवायची नाही. वर त्यांनी आमच्या ग्राहकांना कळवलं की जोडणी सदोष आहे. चार ग्राहक गेले, त्यातले तीन स्पर्धकाकडे. ‘सगळं एकाच छताखाली’ म्हणून तो आमच्याच अपघातावर माल विकत होता. भागीदारही त्याच वर्षी बाहेर पडला.

एक वितरक मात्र स्वतः येऊन शेजारी बसले. मी कोरिलेशन आयडीवरून, म्हणजे एका ऑर्डरच्या सगळ्या नोंदींवर असणाऱ्या समान क्रमांकावरून, लॉग काढला. एकच आयडी, दोन विनंत्या, दोन्हींना पलीकडची पोच. ते म्हणाले, “पोच त्यांचीच आहे ना? मग पुढचं काम सांगा.” आजही त्यांचं काम आमच्याकडेच आहे.

नंतरची वर्षं बरी गेली.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनो, प्रत्येकी ९९ टक्के चालू राहणाऱ्या, एकमेकींवर न अवलंबणाऱ्या पाच सेवा ओळीने जोडल्या की हातात ९५ टक्केच उरतात. ग्राहकाला हे सही करण्याआधी सांगा. आणि आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तर ओळखून काम एकदाच करायला लावणारी खूण, नुसती कागदावर पाहून समाधान मानू नका. आम्ही सेवा चालू करण्याआधी पुरवठादाराच्या इंजिनिअरसमोर तीच विनंती मुद्दाम दोनदा पाठवतो, मग रद्द करतो आणि त्यांच्या गोदामात फोन लावून विचारतो, गाडी थांबली का. काहींना हा अविश्वास वाटतो. वाटू दे.