वाकळ शिवायला बसलेल्या बाया

बाईला मन मोकळं करायला जागा लागते आणि तिथं जायला काहीतरी कारण बी लागतं. घरी आल्यावर सासूनं विचारलं "कुठं गेलतीस?" तर "रडायला गेलते" असं कुणी सांगत नाही, पण "वाकळ शिवायला गेलते" असं सांगितलं की प्रश्नच संपतो, उलट दोन जुनी लुगडी अजून हातात मिळतात की घे बाई ही बी लाव त्यात. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या गावात उन्हाळ्यात रानातली कामं आटोपली की समाजमंदिराच्या व्हरांड्यात आम्ही बाया वाकळा, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधड्या, शिवायला बसतो, आणि तिथं जे घडतं ते मला लिहायचंच होतं कारण मानसिक आरोग्य म्हटलं की लोकांना फक्त गोळ्या नाहीतर पुण्यामुंबईचे काउन्सिलर आठवतात.

पूर्वी ही जागा जात्यापाशी होती. पहाटे दोघी जात्याला बसायच्या आणि सासुरवास, माहेर, मेलेलं लेकरू सगळं ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून १ लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, म्हणजे विचार करा किती बायांनी किती बोलून ठेवलंय. गिरणी आली आणि पाठ मोडायचं काम गेलं, ते लई बरं झालं, मला जातं परत नकोय. पण दळणाबरोबर ती बोलायची वेळ बी गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

आमच्या भागात तर अजून एक गोष्ट झाली. ३० सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे ४ च्या आत भूकंप झाला, किल्लारी आणि आजूबाजूला मिळून जवळपास १० हजार माणसं गेली, लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातली ५२ गावं जमीनदोस्त झाली. दगडमातीची माळवदाची घरं अंगावर पडली म्हणून नवी गावं दूर वसवली, रुंद रस्ते, सुटे सुटे प्लॉट, सुरक्षित घरं, त्यात वाद नाही. पण जुन्या गावात ओट्याला ओटा लागून होता, भाजी निवडता निवडता शेजारणीशी बोलणं व्हायचं, ते नव्या आखणीत राहिलं नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया अजून म्हणतात की घर मिळालं पण शेजार गेला.

तर वाकळ. खाली एक लुगडं अंथरायचं, त्यावर जुनी धोतरं, फाटके शर्ट, चिंध्या पसरायच्या, वरून परत लुगडं, मग चौघी चार कोपरे धरून ताणतात आणि आधी लांब लांब टाके घालून थर बांधून घेतात. त्यानंतर कडेकडेनं धावदोरा सुरू होतो आणि एकेक ओळ आत सरकत जाते, चार बाजूंनी बसलेल्या बाया बी हळूहळू मध्ये येत जातात आणि शेवटी गुडघ्याला गुडघे लागतात. सगळ्यांचे डोळे सुईवर. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही, म्हणून जे समोरासमोर बसून कधी बोलता येत नाही ते इथं आपोआप बाहेर येतं, आणि नाही बोललं तरी चालतं, गप बसलेल्या बाईला कुणी "काय झालं गं" म्हणून टोकत नाही. मन खचलेलं असलं की मोठं कुठलंच काम सुरू होत नाही, स्वयंपाकाचा बी डोंगर वाटतो, पण एक टाका घालता येतो, मग दुसरा. माझं स्वतःचं मन फार वाईट असताना मी तिथं तासन्‌तास नुसते टाके घातलेत आणि घरी येऊन जेवलेय, झोपलेय.

आमच्यात एक वहिनी यायल्या. त्यांच्या मालकांनी आत्महत्या केली, नापिकी आणि कर्ज, बाकीचं सगळ्यांना माहितीय. त्यानंतर त्यांच्या दारात जो आला तो प्रश्नच घेऊन आला, कर्ज कुणाचं होतं, सातबारा कुणाच्या नावावर, दारू प्यायचे का. सरकारची १ लाखाची मदत मिळायला प्रकरण पात्र की अपात्र हे ठरावं लागतं, म्हणजे नवरा गेल्याचं दुःख बी कागदावर सिद्ध करत फिरायचं. वाकळेवर त्यांना कुणी काहीच विचारलं नाही. लई दिवस त्या नुसती सुई ओवून द्यायच्या. मग एकदा पिशवीत मालकांचे शर्ट घेऊन आल्या आणि म्हणाल्या हे लावा मधी. एक काकू म्हणाल्या मधी कशाला, वर दिसू दे. निळ्या चौकड्याचा शर्ट बरोब्बर वर लावला, खिशासकट. तो लावताना त्या पहिल्यांदा मालकांबद्दल बोलल्या, कसे मेले ते नाही, कसे होते ते, बैलपोळ्याला बैलाच्या आधी स्वतः नवे कपडे घालायचे वगैरे, आणि आम्ही सगळ्या हसलो, त्या बी हसल्या.

अमेरिकेत १९८७ मध्ये एड्सनं गेलेल्या माणसांसाठी लोकांनी अशीच एक प्रचंड मोठी गोधडी केली, एकेका माणसासाठी ३ फूट बाय ६ फुटाचा तुकडा, म्हणजे साधारण कबरीएवढा, कितीतरी तुकड्यांत त्या माणसाचेच कपडे. त्या आजारानं गेलेल्यांचं नाव घ्यायला बी लोक लाजत होते तेव्हा. हे वाचलं तेव्हा मला वहिनींचा तो शर्टच आठवला. ज्या मरणाबद्दल गाव कुजबुजतं ते उघड्यावर शिवून टाकायचं.

आता मला खटकणारी गोष्ट. कुणी पाहुणा आला की पहिलं हेच म्हणतो की छान आहे, विका ना, बचत गटातून स्टॉल लावा. पैसा लागतो, आमच्या घरांत तर लईच लागतो, आणि कितीतरी मनाचे आजार पैशाच्या काळजीतूनच सुरू होतात हे मला कळतं. पण ऑर्डर आली की टाका मोजला जातो, वाकडी ओळ उसवली जाते, जिचा हात चांगला तिलाच बोलावलं जातं आणि जिला सगळ्यात जास्त गरज ती घरी राहते. म्हणून विकायचं काम वेगळ्या दिवशी, वेगळ्या बाया. आमच्या बैठकीत वाकडा टाका तसाच राहतो.

आणि वाकळ म्हणजे इलाज नव्हे, हे मी जोर देऊन सांगते. जिला आठवडे आठवडे झोप नाही, जी जेवणं सोडते, "आता जगून काय करू" म्हणते, तिला दवाखान्यात न्यायचंच, जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. आम्ही तो समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलाय. बैठकीचा उपयोग इथं असा होतो की कोण दोन दिवस आलं नाही ते लगेच कळतं आणि कुणीतरी तिच्या घरी जाऊन येतं, हे काम कुठल्या हेल्पलाइनला करता येणार नाही.

गड्यांचं काय हा प्रश्न मला सारखा पडतो. पारावर बसतात सगळे, पण पाऊस, भाव, राजकारण याच्या पुढं बोलणं जात नाही. त्यांच्या हातात काय द्यावं? पूर्वी पारावर बसून अंबाडीचे दोर वळायचे म्हातारे. कुणाच्या गावात असं काही चालू असेल तर मला खरंच सांगा.

येत्या उन्हाळ्यात परत बसणार आहोत. दसरा काढताना जुने कपडे टाकू नका, सुती लुगडी, धोतरं, चादरी बाजूला ठेवा. पॉलिस्टरच्या साड्या नकोत, थर सरकतात आणि शिवणारीचा जीव जातो.