निरंक अहवालाची पोच

आमचा कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना. बायका मोजक्याच, बहुतेक पॅकिंगला. एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऑडिटमध्ये लैंगिक छळ रोखण्यासाठीची 'अंतर्गत समिती' नेमल्याचा आदेश मागितला, आणि त्या समितीच्या वार्षिक अहवालाची पोचही. शेजारचे कारखानदार हसले. "मॅडम, मालक तुम्हीच बाई, तुम्हाला कशाला कमिटी?" 2013 चा कायदा मालक बाई की बुवा ते विचारत नाही. दहा माणसं कामाला असली की समिती हवी. पुरुष, कंत्राटी, शिकाऊ, सगळे त्या दहांत धरायचे. नसली तर 50 हजारांपर्यंत दंड.

समिती झाली. अकाउंट्सच्या ताई अध्यक्ष, निम्म्याहून जास्त सदस्य बायका, बाहेरच्या सदस्य एका महिला संस्थेतल्या.

अडलं ते अहवालावर. महिलांच्या विषयाचं म्हणून जे कार्यालय सगळ्यांनी सांगितलं, तिथे गेले. टेबलावरच्या साहेबांनी कागद उलटा-सुलटा केला.

"तक्रारी किती?"

"एकही नाही."

"मग अहवाल कसला देताय? तक्रार आली की या."

2013 च्या कायद्याचं कलम 21 दाखवलं: समितीने दर वर्षी अहवाल द्यायचाच आहे. तर म्हणे, कारखान्याचं आहे ना, मग कामगार खात्यात द्या. कामगार खात्याने वाचायच्या आधीच सांगितलं, "बायकांचं इकडे नाही." परत पहिल्या टेबलावर. तोवर साहेब रजेवर, आणि शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद! "ईमेल करून टाका," असा सल्ला मिळाला. ईमेलला उत्तर नाही, आणि ऑडिटरला शिक्काच हवा. तक्रार नाही म्हणून कागद घेत नाहीत आणि कागद नाही म्हणून ऑर्डर अडते. मालकाने कायदा पाळायचा तरी कुठल्या खिडकीवर?

शेवटी कलम 5 नीट वाचलं. अहवाल कुठल्या खात्याला नाही, 'जिल्हा अधिकारी' यांना द्यायचा असतो, आणि तो म्हणजे सरकारने नेमलेला जिल्हाधिकारी, अतिरिक्त जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी. गोव्यातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 3 डिसेंबर 2024 ला राज्यांना बजावलं होतं की वर्ष संपायच्या आत प्रत्येक जिल्ह्यात हा अधिकारी नेमा. कव्हरिंग लेटर त्याच पदनामाने काढलं आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीत दिलं. तिथे मजकूर कोणी वाचत नाही. धाडकन शिक्का, तारीख, सही. त्या पोचेची झेरॉक्स मी अजून पर्समध्ये घेऊन फिरते.

अहवालात काय लिहायचं? आलेल्या तक्रारी, निकाली निघालेल्या, 90 दिवसांपेक्षा जास्त रखडलेल्या, घेतलेल्या कार्यशाळा, केलेली कारवाई. शून्य असेल तिथे शून्य लिहा, रकाना रिकामा ठेवू नका. वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरा. आमच्या सीएने सवयीने मार्चअखेर टाकलं होतं.

हो, बाहेरच्या सदस्यांचं राहिलं. एका सल्लागाराने 'नावापुरता सदस्य' पॅकेजमध्ये देऊ केला होता. असल्याला चहासुद्धा विचारू नका. उद्या खरी तक्रार आली तर 90 दिवसांत चौकशी समितीबरोबर त्याच माणसाला करायची असते. आणि समितीचा आदेश दर्शनी भागात लावा, मालकाच्या केबिनमध्ये नव्हे. आमचा पॅकिंगच्या दाराशी आहे. ऑडिटरने आधी तोच वाचला, पोच नंतर मागितली.